यादीतलं पहिलं नाव

दोन नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा असते. त्याच्या आठवडाभर आधी आमच्या घरी एक काम ठरलेलं आहे. आत्या रात्रीची जेवणं उरकल्यावर फुलस्केप कागद घेऊन बसते आणि घरातल्या मृतांची यादी लिहिते. ती पाकिटात घालून चर्चच्या ऑफिसात नेऊन द्यायची. कागद दरवर्षी नवा, अक्षर तेच. यादी पणजोबांपासून सुरू होते, त्यांच्या आधी कुणी नाही. लहानपणी आम्ही विचारायचो, पणजोबांना आईवडील नव्हते का? तेव्हा आजोबा म्हणायचे, "त्यांची नावं गोव्यात वाचतात. आपण तिथले गांवकार आहोत."

या एका वाक्यावर आमचं घर तीन पिढ्या उभं होतं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गोव्यात गावची जमीन पूर्वापार सामाईक, ती सांभाळणारी संस्था म्हणजे कोमुनिदाद आणि तिचे मूळ हक्कदार ते गांवकार. जमिनीच्या उत्पन्नातून त्यांना दरवर्षी जो वाटा मिळतो त्याला झोण म्हणतात. आजोबा बेळगावच्या कॅम्पात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले, पण साष्टीतल्या त्या गावात आपली झोण कुणीतरी दुसराच खातोय, ही तक्रार त्यांनी मरेपर्यंत सोडली नाही. पुरावा काय, तर आडनाव. तेच आडनाव तिथल्या एका मोठ्या गांवकार घराण्याचं.

आडनावाचा हा अभिमान फुकट नव्हता. त्याची किंमत आत्याने भरली. ती नर्स होती, तेवीस-चोवीस वर्षांची. खानापूरकडच्या एका शिक्षकाच्या घरून सोयरीक आली. माणूस चांगला, नेमाने चर्चला येणारा, आत्यालाही पसंत. आजोबांनी विचारलं, "ह्यांचं कूळ कुठलं?" कूळ सांगण्यासारखं नव्हतं, म्हणजे आजोबांच्या हिशेबात नव्हतं. एकाच वेदीपाशी गुडघे टेकणारी, एकाच भाकरीत वाटेकरी होणारी माणसं, पण सोयरिकीला बामण आणि चारडो आठवतात. हे आपल्या घराघरांत घडलेलं आहे आणि आपण त्याबद्दल बोलत नाही. आत्याचं लग्न मग झालंच नाही. आई लवकर गेल्यावर आम्हा दोघी बहिणींना तिनेच वाढवलं.

गेल्या पावसाळ्यात बाबा महिनाभर अंथरुणाला खिळले होते. उठून बसायला लागले त्या दिवशी म्हणाले, "माझं नाव त्या यादीत खाली जायच्या आधी वरची जागा भरा." ऐंशी ओलांडलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

आमच्यातल्या एकीकडे रविवारचा कॅटेकिझमचा वर्ग असतो, दुसरी बँकेत आहे. इतिहास आम्ही बी.ए.ला परीक्षेपुरता वाचलेला. सुरुवात घराजवळूनच केली. कबरस्थानात पणजोबांच्या दगडावर लिहिलंय: मृत्यू १९३९, वय ६१. म्हणजे जन्म १८७८ च्या आसपासचा. लग्नाच्या जुन्या रजिस्टरात १९०९ सालची नोंद मिळाली. तिच्यात गोव्यातल्या गावाचं आणि चर्चचं नाव होतं. वडिलांच्या नावाच्या जागी मात्र नुसती एक आडवी रेघ. लिहिणाऱ्याचा आळस, असं म्हणून आम्ही ती सोडून दिली.

पहिली फेरी त्या गावाची झाली. कोमुनिदादीच्या कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ह्या आडनावाचे गांवकार आहेत, पण तुम्ही सांगता त्या नावाचा कुणी नोंदलेला नाही. वर हसून त्याने हेही सांगितलं की, नाव सापडलं असतं तरी हा हक्क बापाकडून मुलाकडे जातो, मुलींना झोण नाही. आजोबांची तक्रार पुढे चालवायला आम्ही नालायक होतो हे तिथेच कळलं! चर्चच्या ऑफिसात सांगितलं, इतक्या जुन्या वह्या इथे नाहीत, पणजीला पुराभिलेखात बघा.

दुसऱ्या फेरीला पहाटेच्या बसने चोर्ला घाटातून निघालो. कणकुंबी मागे पडली आणि धुकं खिडकीला येऊन चिकटलं. पणजोबा पंधराएक वर्षांचे असताना बेळगावला आले, एवढं घरात सांगतात. मुरगावहून कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे १८८८ मध्ये झाली होती. ते गाडीने आले की घाट चढून, कुणाला माहीत नाही. बरोबर व्हायोलिन होतं, एवढंच. गोव्यातल्या चर्चशाळांतून पोरांना सूर शिकवत आणि छावण्यांतल्या बँडना असे वाजवणारे हवे असत.

पणजीचं हे दफ्तर फार जुनं आहे. १५९५ साली ते दियोगु दु कोउतु या इतिहासकाराकडे सोपवलं गेलं, तेव्हापासूनचं. वाचायच्या खोलीत जागा मिळाली, पेन पिशवीत ठेवून पेन्सिल काढली आणि आजूबाजूला पाहिलं तर बरेच जण कागदांची फाइल घेऊन आलेले. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्यासाठी आजोबांचा जन्म शोधायला माणसं येतात. आमच्या मावसभावाचाही सकाळी फोन येऊन गेला होता, "पासपोर्टचं काही जमतंय का बघा." आमचा माणूस त्या हिशेबात बसत नव्हता. आम्हाला फक्त एक नाव हवं होतं, मिस्सेत वाचायला.

गोव्यात सरकारी जन्मनोंद १९१४ पासूनची. त्याआधीचं शोधायचं तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत. आणि ही वही मुळात आली कुठून? त्रेंतच्या धर्मसभेने १५६३ मध्ये ठरवलं की बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता आणि धर्मपिता कोण झाले त्यांची नावं धर्मगुरूने वहीत लिहून ठेवावीत. त्यांच्याशी आत्मिक नातं जडतं आणि त्या नात्यात लग्न होऊ नये म्हणून. जन्माचा दाखला हा तिचा हेतू नव्हता. इतकी वर्षं बाप्तिस्म्याचा धडा शिकवून आम्हाला हे माहीत नव्हतं. आपण आपल्या मुलांना धर्ममाता निवडतो ती बहुतेक फोटोत बरी दिसणारी किंवा परदेशी असलेली!

त्या फेरीला काहीच मिळालं नाही. वहीच्या शेवटी सूची असते, पण ती पाळण्यातल्या नावाने लावलेली, आडनावाने नाही. पणजोबांचं नाव त्या गावात घरोघर. शाईने कागद खाल्लेला, जिथे शाई दाट तिथे अक्षराच्या जागी भोक. वाळवीने एका कडेने नक्षी काढलेली. शिवाय पोर्तुगीज, तेही अर्धे शब्द तोडून लिहिलेले. संध्याकाळी रिकाम्या हाताने घाट चढताना बाबांचा फोन, "कुठवर आलासा?" काय सापडलं ते त्यांनी विचारलं नाही, आम्हीही काही बोललो नाही.

तिसऱ्या फेरीत, ऑक्टोबरच्या मध्यावर, शेजारच्या टेबलावरचे एक वृद्ध गृहस्थ मदतीला आले. ते पोर्तुगीज शाळेत शिकलेले आणि नातवाच्या कागदांसाठी खेपा घालत होते. १८७८ सालच्या जुलै महिन्यात एका नोंदीच्या समासात नंतरच्या हाताने दोन ओळी लिहिलेल्या होत्या. बेळगाव, १९०९, आणि पणजीचं नाव. १९०८ पासून रोमचा नियम आला होता की लग्न जिथे होईल तिथून बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं आणि तिथे समासात ते नोंदवायचं. म्हणजे शंकेला जागा नाही. हेच आमचे पणजोबा.

गृहस्थ हळू आवाजात वाचू लागले आणि मध्येच थांबले. आमच्याकडे पाहून म्हणाले, "वाचू पुढे?"

पाइश इंकॉग्नितुश. आईवडील अज्ञात. पहाटे एका विधवेच्या दारात ठेवलेला मुलगा, त्याच दिवशी चर्चमध्ये आणला. धर्ममाता तीच विधवा. तिचं आडनाव तेच, जे आज आमचं आहे.

नावं आणि गाव इथे लिहीत नाही. घरची गोष्ट आहे आणि त्या घराण्याची माणसं अजून त्या गावात आहेत.

गृहस्थांनी नोंदीतल्या आणखी एका शब्दावर बोट ठेवलं. धर्मगुरूने बाप्तिस्मा सशर्त दिला होता. ते आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. बाळाला आधीच बाप्तिस्मा मिळालेला असण्याची शक्यता असेल तर 'तुला तो मिळाला नसेल तर' असं म्हणून देतात, कारण हा संस्कार दोनदा होत नाही. वर्गात हा मुद्दा आम्ही अर्ध्या मिनिटात उरकतो.

परतीच्या बसमध्ये साखळीपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. मग वाद झाला. एकीचं म्हणणं, बाबांना सांगू, आत्याला नको. ज्या कुळासाठी तिचं आयुष्य असं गेलं ते कूळच नव्हतं, हे शहात्तराव्या वर्षी तिला कशाला ऐकवायचं? दुसरीचं म्हणणं, तिलाच पहिलं सांगायला हवं, हिशेब तिचा आहे. आणखी एक गोष्ट सलत होती. समासातली ती नोंद व्हायची तर आपला बाप्तिस्मा कुठे झाला हे पणजोबांनीच बेळगावात सांगितलेलं असणार. त्यांना सगळं ठाऊक होतं. रजिस्टरातली ती रेघ आळसाची नव्हती. मग गांवकार आम्हाला केलं कुणी? त्यांनी, की त्यांच्या पोराने, शाळेत कुणीतरी बापाचं कूळ विचारल्यावर? हे कुठल्याच वहीत मिळायचं नाही.

दरवर्षी आगमनकाळात मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ वर्गात घेतो. मुलं जांभया देतात, आम्हीही नावं भरभर पुढे ढकलतो. त्या बसमध्ये ती आठवली. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको. कुठलंही घराणं जी नावं झाकून ठेवील ती मत्तयाने मोजून घातली आहेत. आणि एवढी दाविदाची वंशावळ चालत येते ती योसेफापाशी, ज्याचं रक्त त्या बाळात नाही. योसेफाने त्याला आपलं म्हटलं, नाव दिलं, म्हणून तो दाविदाच्या घराण्याचा. हे शिकवतो आम्ही. पण घरी आजोबांच्या झोणेच्या गोष्टी ऐकताना ते कधी डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी जेवणाच्या टेबलावर दोघांनाही एकदमच सांगितलं. बाबा उठून खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशीही आमच्याशी बोलले नाहीत. आत्या बसून राहिली. आम्हाला वाटलं रडेल, किंवा आजोबांना चार शब्द ऐकवील. ते तिच्या हक्काचे होते. तिने विचारलं, "जुलै म्हणालीस? मग पाऊस असेल."

थोड्या वेळाने म्हणाली, "सशर्त दिला म्हणजे आधी कुणीतरी पाणी घातलं असेल, असं त्या पाद्रीला वाटलं." तिने स्वतः वॉर्डात किती तरी जगणार नाहीत अशा बाळांच्या कपाळावर पाणी घातलेलं आहे, रात्री दोन-तीन वाजता, फादरांना बोलवायला वेळ नसताना. "आईच असणार. ठेवायच्या आधी घातलं असणार तिने." वहीत तसं लिहिलेलं नाही, असं आमच्यातली एक बोलून गेली. आत्या म्हणाली, "वहीत काय काय लिहायचं राहून जातं."

आजोबांबद्दल ती त्या रात्री काही बोलली नाही. आजवर बोललेली नाही. आम्ही विचारलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा बाहेर आले. त्यांनी कपाटावरची व्हायोलिनची पेटी खाली काढायला लावली, पुसली आणि परत वर ठेवायला सांगितलं. मग आत्याला म्हणाले, "कागद घे."

तिने यादी लिहिली. पणजोबांच्या वर त्या विधवेचं नाव, पूर्ण, आडनावासकट. आणि त्याच्याही वर, पहिल्या ओळीत: त्यांची आई. बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि पाकिटात घातला.

एक तारखेला संध्याकाळी फादरांचा फोन आला. "पहिल्या ओळीत नाव लिहायचं राहिलंय वाटतं."

फोन आत्याने घेतला होता. "राहिलं नाही, फादर," ती म्हणाली. "तसंच वाचा."