तावेर्नातले ‘पुरो’

मार्च ते मे या दिवसांत सत्तरी, डिचोलीच्या डोंगरउतारांवरून पायी निघावे, तो पिकल्या काजूबोंडूंचा आंबूसगोड वास वाटभर सोबत करतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड येथील खडकाळ जमिनीला असे मानवले, की ते परदेशचे आहे हे आज कोणास सांगूनही पटू नये. खडकात कोरलेल्या कोळंबीत बोंडू तुडवावेत, निघालेला रस आंबवावा आणि भट्टीवरच्या भाणात चढवावा. पहिल्या उकळीचा निघतो तो हुर्राक आणि पुन्हा उकळून निघते ती फेणी. हुर्राकात मद्यार्क सुमारे १५ टक्के, तर फेणीत ४० टक्क्यांहून अधिक. २००९ साली काजूफेणीस भौगोलिक निर्देशांकाचा मानही मिळाला.

या पेयाचे गावातले घर म्हणजे तावेर्न. उतरत्या कौलांची एखादी खोली, दोन बाके, फळीवर बाटल्या, ताटलीत उकडलेली अंडी आणि कैरीचे लोणचे. लोटलीचे चित्रकार मारियो मिरांडा यांनी आपल्या रेषांनी ही खोली साऱ्या भारताच्या परिचयाची करून दिली. त्यांच्या चित्रांतील गिऱ्हाइके पाहून आपण हसतो. मात्र मला त्या खोलीतील सर्वांत विचार करण्याजोगी व्यक्ती वाटते ती फळीमागे उभी असलेली. प्याला भरणारा हात तिचा आणि तो आवरणारा हातही तिचाच.

बार्देशातील एका गावी मी काही वर्षे नोकरीनिमित्त राहिलो. तेथील तावेर्न एक प्रौढ बाई चालवीत. एकदा सायंकाळी निरोप सांगण्यासाठी दाराशी थांबलो असता आत एक गवंडी चौथा प्याला मागत होता. आवाज चढलेला, तेच वाक्य पुनःपुन्हा, पैसे मोजताना नाणी खाली पडत होती. बाईंनी ती उचलून त्याच्या खिशात घातली, पुढ्यात पाण्याचा तांब्या आणि पाव ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “आयज पुरो, बाब. फाल्यां यो.” तो रागावला, दुसरीकडे जाण्याची धमकी देऊ लागला. बाईंनी ना वाद घातला, ना त्यास बेबदो म्हटले. शेजारच्या मुलास पाठवून त्याच्या भावाला बोलावून घेतले आणि तो येईपर्यंत स्कूटरची किल्ली फळीवरच्या बरणीत ठेवून दिली.

या साध्या वागण्यात केवढे शहाणपण आहे, ते थोडे उलगडून पाहण्याजोगे आहे. नकार चारचौघांत मोठ्याने दिला, तर माणूस अपमानाने पेटतो. कानाशी दिला, तर त्याला माघार घेता येते. ‘तू प्यालास’ हा आरोप झाला. ‘आज पुरे’ हा घराचा नियम. आणि नकार देऊन माणसास रस्त्यावर काढून देणे म्हणजे काम अर्धेच टाकणे होय. तो सुखरूप घरी पोचेल याची तजवीज हा नकाराचाच उत्तरार्ध आहे.

याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. पोटात गेलेले मद्य लगेच पुरते रक्तात उतरत नाही; शेवटचा प्याला खाली ठेवल्यानंतरही काही काळ नशा चढतच राहते. म्हणून माणूस कोलमडल्यावर थांबविणे म्हणजे उशिरा थांबविणे. यकृत आपल्या संथ गतीनेच मद्य निकालात काढते. कडक कॉफी, लिंबूपाणी वा थंड पाण्याची आंघोळ त्यास घाई करू शकत नाही. शिवाय मद्य प्रथम हरण करते ते विवेकाचेच. ‘मला काही झालेले नाही’ हे प्यालेल्याचे वचन म्हणूनच पुरावा ठरत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी शुद्धीवर असावे लागते.

गावच्या तावेर्नात हे सोपे होते, कारण मालकीण गिऱ्हाइकाचे घर ओळखते. महामार्गावरील आणि किनाऱ्यावरील बारमध्ये गिऱ्हाईक परके, वाढणारा पोरगाही परगावचा. त्यास बक्षिसी हवी, मालकास विक्री. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १८५ने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असलेला चालक गुन्हेगार ठरतो. परंतु हा कायदा गाठतो तो चाक हाती घेतलेल्या माणसाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३च्या परवाना कायद्याने नशेत असलेल्यास जाणूनबुजून मद्य विकणे हाच गुन्हा ठरविला आहे. विक्रेत्याची जबाबदारी तेथे कागदावर आली. बाईंच्या फळीमागे ती न लिहिताच पाळली जात होती. आता परक्या गिऱ्हाइकांच्या गर्दीत ती मुद्दाम शिकवावी लागेल: वाढणाऱ्या पोरास नकार कसा द्यावा ते सांगावे, आणि त्याने दिलेल्या नकारामागे मालकाने उभे राहावे.

मी शाळामास्तर, दारूचा हिशेब मी प्याल्यांत मोजत नाही. सकाळी वर्गात जागरणाने तांबारलेले डोळे घेऊन बसलेले, गृहपाठाची वही घरीच राहिली म्हणून सांगणारे मूल दिसले, की आदल्या रात्री कोठेतरी एक ‘पुरो’ म्हणावयाचे राहून गेले, असे मनात येते.

बेळगाव, इंदूर, बडोद्याहून गोव्यास येणारे आप्तेष्ट आम्हा गोमंतकीय मराठी घरांत उतरतात. देवळे, किनारे, जुन्या चर्चवास्तू आपण त्यांस हौसेने दाखवितो. त्यांतील कोणी सायंकाळी बारकडे वळलाच, आणि तेथील पोराने नम्रपणे हात आखडता घेतला, तर त्यास उद्धट म्हणून तक्रार करू नये, एवढेही त्यांस सांगावे. त्या पोराची नोकरी अशा तक्रारीने जाऊ शकते.