वाढप्याचे पातेले

पहिल्या वर्षाच्या चाचणी परीक्षेत मी ऑक्सिडक आणि क्षपणक यांची अदलाबदल केली आणि पाच गुण गमावून बसलो. शेजारचा कानडी मित्र हसून म्हणाला, "आमच्या पुस्तकात ऑक्सिडीकरणाला उत्कर्षण म्हणतात." मी अधिकच गोंधळलो. इलेक्ट्रॉन गमावणाऱ्याचा उत्कर्ष कसला?

दिवाळीच्या सुट्टीत बेळगावहून सिल्वासाला घरी गेलो. बाबा तेथल्या एका कापड कारखान्यात रंगखात्यात काम करतात. जेवताना त्यांच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण दिसला. फोनवर त्यांनी अवाक्षरही काढले नव्हते.

मग सारे कळले. पावसाळ्यात गोदामाचे छप्पर गळले आणि हायड्रोसच्या पिंपात पाणी गेले. पीप तापले, गंधकाचा उग्र धूर सुटला. कोणीतरी घाबरून वर बादलीभर पाणी ओतले, तसा जाळच उठला! शेजारीच कापड विरंजनाच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे कॅन ठेवलेले. बाबांनी आधी ते दूर ओढले. त्यात हात भाजला.

"तुझ्या पुस्तकात हायड्रोसला काय म्हणतात रे?" त्यांनी विचारले.

मी वही उघडली. हायड्रोस म्हणजे सोडियम डायथायोनाइट. त्यातील गंधकाचा ऑक्सिडीकरण अंक +३. काम संपून सल्फाइट झाले की तो +४. अंक वाढला, म्हणजे त्याचे स्वतःचे ऑक्सिडीकरण झाले; म्हणूनच तो दुसऱ्याचे क्षपण करतो. तो क्षपणक. पेरॉक्साइडमधील ऑक्सिजनचा अंक विरंजन करताना -१ वरून -२ वर उतरतो. तो ऑक्सिडक.

बाबा म्हणाले, "म्हणजे हायड्रोस पंगतीतला वाढपी. दुसऱ्यांची ताटे भरतो आणि त्याचे पातेले रिकामे होते."

मला जे वर्षभर उमगले नाही, ते एका वाक्यात उमगले. नीळ पाण्यात विरघळत नाही. अल्कलीच्या द्रावणात हायड्रोस तिला इलेक्ट्रॉन वाढतो, तेव्हा ती पिवळसर होऊन विरघळते आणि सुतात शिरते. कापड बाहेर काढले की हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन परत घेतो आणि डोळ्यांदेखत निळा रंग उमटतो. बाबा हे रोज पाहत होते. त्यांच्याजवळ फक्त नावे नव्हती. माझ्याजवळ नावेच तेवढी होती.

पिंपावरची सूचना इंग्रजीत होती, ती खात्यात फारशी कोणाला वाचता येत नव्हती. सुट्टी संपण्यापूर्वी बाबांच्या सांगण्यावरून मी एका पुठ्ठ्यावर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिले, "कोरडे ठेवा. पेरॉक्साइडपासून दूर ठेवा." गुजराती ओळ शेजारच्या काकांनी लिहून दिली.

माझी अदलाबदल पाच गुणांत भागली. गोदामात तिची किंमत मोजणारे हात वेगळे असतात. आता समीकरण समोर आले की मी आधी पाहतो, पातेले कोणाचे रिकामे झाले?