केरीचा पदेर आणि माझी बारीक चाकं

भाड्याचं घर बघताना पाणी किती वेळ येतं, मालक कसा आहे, हे विचारायचं असतं. पण सायकल चालवायला तो भाग कसा आहे हे कुणाला विचारायचं? गोव्यात मोपाला नोकरी लागली, पुण्याहून पेडणे तालुक्यात बिऱ्हाड हलवायचं ठरलं आणि मी या प्रश्नाने पार गोंधळून गेलो. रोडबाईक नवी होती, चढावर गिअर कधी बदलायचा हेही अजून अंगवळणी पडलं नव्हतं. जाणकार मित्र म्हणाले, स्ट्राव्हा ॲपचा नकाशा बघ, लोक जास्त फिरतात ते रस्ते त्यात उजळलेले दिसतात. बघितला. पण त्यात ॲप लावून फिरणारेच उमटतात, आणि गोव्यात रोज सायकल हाणणारा माणूस म्हणजे पदेर, दारोदार पाव विकणारा. त्याच्या फोनवर असलं काही नसतं.

मला मनातून तेरेखोल हवं होतं. १७४६ साली पोर्तुगीजांनी तिथला किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतला, त्यामुळे तेरेखोल नदीच्या उत्तरेचा हा तुकडा गोव्यात आला. गाव गोव्याचं, पण रस्त्याने निघालात की थेट महाराष्ट्रातल्या रेडीत. गोव्याकडे यायला केरीची फेरीबोट. ती भर ओहोटीला थांबते, आणि ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे सोमवारी कामावर जायला सोयीची वाट गुरुवारी बंद! मग रेडी, आरोंदा, किरणपाणीचा पूल असा भलामोठा वळसा. सुट्टीच्या दिवशी हाच वळसा फेरीबोटीला जोडून सुरेख फेरी होते. रोजच्या नोकरीला मात्र तो परवडणारा नाही.

भाग बघायला गेलो तेव्हा केरीत सकाळी पदेराच्या भोंग्याचं पों पों ऐकू आलं. कॅरिअरवर बांबूची टोपली, वर निळं प्लास्टिक. मी पाव घेतले आणि रस्त्यांचं विचारलं. त्याने आधी माझा टायर अंगठ्याने दाबून पाहिला. "हें चाक खूब बारीक, पावसांत रावचें ना," म्हणाला. मग मला रस्त्याच्या कडेला नेलं. डांबराखालची तांबडी माती पावसाने खाल्लेली, साईडपट्टी चार बोटं खाली गेलेली. मागून टिपर आला की आपण याच कडेला सरकणार, आणि बारीक चाक इथेच आडवं होणार. पुण्याहून नकाशावर रस्ता बघताना ही चार बोटं मला कशी दिसणार होती?

भरली टोपली घेऊन तो कुठल्या चढावर उतरून ढकलतो, कुठल्या वाडीतले कुत्रे अंगावर येतात, कुठल्या वळणावर झाडीमुळे समोरचं दिसत नाही, सगळं त्याने सांगितलं. हरमलकडून केरीला येतानाचा चढ त्याच्या यादीत पहिला. वाऱ्याचं गणितही त्याच्याकडूनच कळलं: कोरड्या दिवसांत पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे, दुपारनंतर समुद्राकडून आत. सकाळी किनाऱ्याकडून आत मोपाच्या सड्यावर निघालो तर वारा तोंडावर, आणि संध्याकाळी परततानाही तोंडावरच. माझ्यासारख्या नवशिक्याला हे आधी कळणं फार मोलाचं होतं.

डिचोलीचाही विचार केला होता, मयेकडची सावली बघून. पण तिथला रस्ता खाणींवर अवलंबून. २०१८ साली खाणकाम थांबलं तेव्हा खनिजाचे ट्रकही थांबले; आता खाणकाम पुन्हा सुरू झालं आहे. शांत दिवशी पाहिलेला रस्ता वर्षभराने तसाच राहील, याची खात्री देता येत नाही. म्हणून आता कुणी विचारलं तर मी सांगतो, रविवारी जाऊन भाग पसंत करू नका. कामाच्या वारी, ज्या वेळी खरोखर चालवणार त्याच वेळी जा, आणि भाकरीसाठी सायकल मारणाऱ्याला गाठा.

घर शेवटी पालयेत घेतलं. तिथून मोपाला जायला फेरीबोट लागत नाही आणि किरणपाणीही जवळ. बारीक टायर काढून फ्रेममध्ये मावतील तेवढे रुंद बसवून घेतले. खाऱ्या हवेने चेन गंजते, तिला दर आठवड्याला तेल देतो. पावसाचे चार महिने बसने जायचं ठरवलंय.