पदराची उलटी बाजू

नाशिकच्या एका वस्त्रविक्रेत्यांनी आपल्या संकेतस्थळाचे चित्रदालन आखून देण्याचे काम आम्हांस सांगितले, तेव्हा ते आम्हांला फार सोपे वाटले होते. येवल्याच्या पैठण्यांची दोनशेहून अधिक छायाचित्रे हाती आली. त्यांतली निम्मी गाळावीत, उरलेल्यांची रंगांनुसार वर्गवारी करावी, लहान चित्रावर टिचकी मारताच मोठे उघडावे, एवढाच आमचा बेत.

पहिली अडचण रंगांनीच आणली. पैठणीचे उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असले, की वस्त्रावर धूपछाव खेळते. तीच साडी उजेडात एक दिसते आणि घडीत दुसरी. कॅमेरा मात्र त्यांतला एकच क्षण धरून ठेवतो. म्हणून प्रत्येक साडीची दोन चित्रे ठेवायचे ठरवले: एक पसरलेली, एक चुणीदार. आमच्या या युक्तीवर आम्ही खूश होतो.

कच्चा आराखडा आईला दाखवला. चष्मा सावरून तिने पंधरा-वीस पदर पाहिले, बांगडी मोर ओळखला, मुनिया ओळखली आणि विचारले, "अरे, उलटी बाजू कुठंय?"

या प्रश्नाने आमचा आराखडा मोडला. हातमागाच्या अस्सल पैठणीत पदरावरच्या नक्षीतील प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या तिल्लीवर असतो. विणकर तो नक्षीच्या कडेपर्यंत नेतो, शेजारच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. त्यामुळे मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. अशा भरगच्च पदराच्या साडीला कित्येक महिने लागतात. यंत्रमागावरच्या नकलेत नक्षीचे धागे मागच्या बाजूने लोंबकळत जातात, नाहीतर कापलेले असतात. समोरून छायाचित्र घेतले तर दोन्ही मोर जुळे भाऊ. म्हणूनच जुन्या बायका दुकानात आधी पदर उलटून पाहत.

आम्ही दोन दालने सुचवली, हातमाग आणि यंत्रमाग, आणि प्रत्येक साडीमागे उलट्या बाजूचे एक चित्र. शेठ शांतपणे म्हणाले, "भाऊ, दुकानात कुणी विचारलं तर आम्ही खरं तेच सांगतो. फोटोत कशाला?"

ते खोटे बोलत नव्हते, हे आम्ही जाणतो. परंतु दुकानात विचारता येते, पदर उलटता येतो. चित्रदालनात गिऱ्हाईकाचा हात पोहोचत नाही. तिथे आखणाऱ्याने ज्या प्रश्नाला जागा ठेवली, त्याचेच उत्तर मिळते. उरलेल्या प्रश्नांवर आम्हीच पडदा टाकलेला असतो, आणि तो पडदा दिसतही नाही.

पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. भिक्षूंच्या चीवरांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीत २,००० कार्षापण ठेवले आणि दुसऱ्या श्रेणीत १,०००. कोणत्या ठेवीवर किती व्याज, हेही लेखात सांगितले आहे. व्यवहार नगरसभेत जाहीर करून नोंदवल्याचा उल्लेखही तेथे येतो. ज्याने विचारले नाही, त्यालाही कळावे, म्हणून तो दगडावर कोरला. शेठजींशी बोलून परतताना आम्हांला सारखा तोच लेख आठवत होता.

शेवटी तडजोड झाली. हातमागाच्या साड्यांखाली उलट्या बाजूचे चित्र आले. बाकीच्या साड्या वेगळ्या न काढता त्याच ओळींत, त्या चित्राविना राहिल्या. जाणत्या डोळ्यांना ती रिकामी जागा बोलेल. पहिल्यांदाच पैठणी घेणाऱ्या, परगावी बसलेल्या मुलीला मात्र ती काहीही सांगणार नाही. हे ठाऊक असूनही आम्ही काम पूर्ण केले आणि ठरलेले पैसे घेतले.

आईने पुन्हा विचारले, "घातलीस का उलटी बाजू?"

"निम्म्यांना घातली," आम्ही म्हणालो.

तिने चष्मा काढून ठेवला. "मग उरलेल्यांचं तूच सांगत जा," ती म्हणाली. म्हणून हे लिहिले.