राईची डॉज

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून उत्तनची सडक धरली, कीं मुर्धा, राई व मोर्वा हीं गांवें एकामागून एक लागतात. चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं ज्या मोहिमेंत वसई घेतली, तींतच या बाजूचा धारावीचा किल्लाही मराठ्यांकडे आला. गेल्या पौषांत आम्ही निघालों होतों तें त्या किल्ल्याची जागा पाहण्यासाठींच. वाटेंत राईस एका परिचिताच्या घरीं पाणी पिण्यास म्हणून थांबलों, आणि किल्ला राहिला तो राहिलाच!

अंगणांत ताडपत्रीखालीं कांहींतरी अवजड उभें होतें. आमची नजर तिकडे वळलेली पाहून यजमानांनीं ताडपत्री ओढली. आंत होती एक डॉज किंग्जवे. मुंबईच्या रस्त्यांवर हिनें टॅक्सी म्हणून आयुष्य वेंचलें. काळ्या अंगावरचें पिवळें छप्पर अजून ओळखूं येत होतें. आम्ही लहान असतां अशा गाडीस 'बडी टॅक्सी' म्हणत. बोरीबंदरावर उतरलेलें सबंध एकत्र कुटुंब, वळकट्या, ट्रंका व फराळाचे डबे यांसह तिच्या पोटांत सामावून जाई, आणि वर एखाद्या आत्याबाईंस जागा उरे. आतां मिठागरांवरून येणाऱ्या वाऱ्यानें तिचें अंग पोखरलें आहे. दाराच्या खालच्या कडेस बोट लावतांच गंजाचा पापुद्रा आमच्या हातीं आला.

शेजारचे एक वृद्ध मिस्त्री येऊन बसले, आणि गप्पांस रंग चढला. अमेरिकन गाड्या जोडण्याचा कारखाना जनरल मोटर्सनें शिवडीस १९२८ सालीं काढला. पुढें वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनें १९४७ पासून कुर्ल्यास क्रायस्लरच्या गाड्या बांधण्यास आरंभ केला. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांस सरकारनें १९५३ नंतर थारा दिला नाहीं. शिवडीचा कारखाना १९५४ सालीं बंद झाला, कुर्ल्याचा टिकला. मिस्त्री हंसून म्हणाले, "डॉज, प्लिमथ, डिसोटो, तिन्ही बहिणीच. जाळी बदलली, नांव बदललें, कीं झाली दुसरी गाडी." सहस्रनामाची संवय असलेल्या आम्हांस यांत नवल वाटलें नाहीं.

यजमानांचा नातू मात्र निराळ्याच गाड्यांचा भक्त. १९६४ सालीं निघालेली पॉन्टियाक जीटीओ, त्याच वर्षींची फोर्ड मस्टँग, यांच्या बलाचीं वर्णनें त्यास मुखोद्गत. ब्यूकची १९३८ सालची वाय-जॉब तर त्याचें दैवत! हार्ली अर्ल यांच्या कल्पनेंतून ती एकच गाडी घडली, तिचे दिवे आंत लपत, कांचा विजेनें खालींवर होत. विक्रीस ती कधींच आली नाहीं. "म्हणजे भाडें एकदांही मारलें नाहीं?" आजोबांनीं विचारलें. नातू गप्प झाला.

खरा प्रश्न पुढेंच होता. एक संग्राहक गाडी विकत मागत आहे. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची प्राचीन म्हणून नोंद होते. तिच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात, प्रथम फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें. मात्र सांगाडा, अंग व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि गाडी प्रदर्शनादि प्रसंगींच रस्त्यावर यावी, रोजच्या कामास नव्हे. आणि या डॉजमधलें सहा नळकांड्यांचें पेट्रोल एंजिन तर केव्हांच निघून तेथें डिझेलचें बसलें आहे! गीतेंत देही जुनें वस्त्र टाकून नवें घेतो. येथें वस्त्र तेंच राहिलें आणि देही बदलला. अशा जीवास कोणतें नांव द्यावें, हें आमच्या न्यायशास्त्रांतही सांपडण्याजोगें नाहीं.

संग्राहकाचें म्हणणें, हें डिझेल काढून टाकूं, जुनें एंजिन कोठूनतरी पैदा करूं, मग ती अस्सल होईल. नातवास तें पटतें. यजमान म्हणाले, "मास्तर, ही पेट्रोल पीत बसली असती तर माझीं पोरां काय पिलीं असतीं? दोन मुलींचीं लग्नां या डिझेलवर झालीं. तो काढून टाकायचा, आणि मग ती अस्सल?"

"पण आजा, अशीच ठेवली तर पावसाळ्यांत गळून पडेल," नातू म्हणाला. तेंही खोटें नव्हतें. मिस्त्रींनीं कोणाचीच बाजू घेतली नाहीं. ते उठून दाराच्या बिजागऱ्यांस तेल घालूं लागले.

निघतांना यजमानांनीं आम्हांस मागच्या आसनावर बसविलें. तिसऱ्या खेपेस एंजिन धडधडलें, काळा धूर निघाला, कोंबड्या पळाल्या. नातू आजोबांच्या शेजारीं बसला होता. त्याचा हात आपोआप आपल्या बाजूच्या दारावर गेला, कारण तें धक्क्यानें उघडतें हें त्या घरांत सर्वांसच ठाऊक आहे. गाडी अंगणांतच एक वळसा घेऊन परत जागेवर आली. संग्राहकास उत्तर द्यावयास अजून आठ दिवस होते.