उघडा पडलेला आवाज

प्रीमियर पद्मिनी गाडीचं 1,089 सीसीचं पेट्रोल इंजिन उतरवून इलेक्ट्रिक मोटर बसवली की पहिल्याच फेरीत मालक म्हणतो, "गिअरबॉक्स रडायला लागला हो!" बहुतेकदा तो कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाल्यापासूनच रडत असतो, इंजिनाच्या गोंगाटात कुणाला ऐकू आलेला नसतो. पण 'बहुतेकदा' म्हणून गाडी ताब्यात देता येत नाही. जुना आवाज कोणता आणि माझ्या जोडणीने आणलेला कोणता, हे निवडावंच लागतं.

वेग बदलला तरी पट्टी न बदलणारी बारीक शीळ कंट्रोलरची. ती बाजूला ठेवतो. मग मोटर बंद, गाडी न्यूट्रलला. घरंगळतानाही आवाज उरला तर डिफरन्शियल किंवा चाकाकडचं बेअरिंग बघायचं. तिसऱ्यात रडणारा गिअरबॉक्स चौथ्यात गप्प झाला तर संशय लेशाफ्टवर. कारण चौथा गिअर थेट, त्यात लेशाफ्ट नुसता फिरतो, भार घेत नाही.

उरलेलं काम आकडे करतात. मोटर मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर तिच्या शाफ्टवरच्या 17 दातांच्या गिअरचा सूर 850 हर्ट्झवर येतो. पण फोनवरच्या आवाजाच्या आलेखात 50 हर्ट्झचा खांब उंच दिसला, तर तो फेऱ्यागणिक एक ठोका आहे. दोष बहुधा दातांत नाही, मोटर आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कपलरच्या सेंटरिंगमध्ये आहे. मग डायल गेज लावून ते तपासायचं. इंजिनाच्या जमान्यात इनपुट शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टमधल्या बुशमध्ये टेकलेलं असे. मोटरच्या बाजूला तो आधार दिला नाही तर शाफ्ट झुलतो. क्लच प्लेटच्या स्प्रिंगाही मी शक्यतो ठेवतो, धक्का त्याच गिळतात.

सगळ्यात फसवा आवाज पाय उचलल्यावर येतो. रीजन सुरू होतं, म्हणजे मोटरच गाडीला ब्रेक लावते, आणि दातांच्या उलट्या बाजूवर भार येतो. इतकी वर्षं त्या बाजूने मुख्यतः इंजिन ब्रेकिंगच सोसलं. आता प्रत्येक सिग्नलला तिची पाळी. इथे पान्यापेक्षा लॅपटॉप कामाचा: रीजन हळूहळू चढेल असं सेटिंग केलं की दातांमधली फट आदळत नाही, अलगद भरते.

काही जण जाड तेल ओततात, गिअरबॉक्सवरच्या बोगद्यावर नमदा चिकटवतात. नमद्याला माझी ना नाही, पण तो शेवटी. इंजिन गेल्यावर बेअरिंग खराब होतंय हे मालकाला आधी कानच सांगणार. कारण सापडण्याआधी तो आवाज दाबणं म्हणजे पुढचा खर्च वाढवणं.