सुईची आवक

ग्रामोफोनच्या सुईतून निघणाऱ्या विजेला वीज म्हणावे की नाही असा प्रश्न पडावा, इतकी ती थोडी असते. तबकडीच्या खाचेतील नागमोडी वळणांवरून सुई थरथरते, त्या थरथरीने कार्ट्रिजमधील इवलेसे चुंबक किंवा तारेचे वेटोळे हलते आणि काही सहस्रांश व्होल्ट निर्माण होतात. हलणारे चुंबक असेल, म्हणजे कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट जातीचे असेल, तर साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट मिळतात. हलणारे वेटोळे असेल, म्हणजे मूव्हिंग कॉइल, तर बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत. ०.३ मिलिव्होल्ट म्हणजे टॉर्चच्या एका सेलचा पाच हजारावा हिस्सा. एवढ्या भांडवलावर दिवाणखाना भरून टाकणारे गाणे उभे करायचे असते.

सांगलीच्या गणपती पेठेतील हळदीच्या एका पेढीचे थोरले मालक, घरात सर्वांचे अण्णा, वयाची ऐंशी ओलांडलेले आहेत. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले, सामायिक झाले, की एक तबकडी ऐकायची हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी असा संग्रह. मिरज उंबऱ्याशी असलेल्या घरात किराणा घराण्याचे प्रेम असावे यात नवल नाही. दिवाळीला परदेशातून आलेल्या नातवाने आजोबांसाठी मोठ्या हौसेने नवे कार्ट्रिज आणले, डेनॉन डीएल-१०३. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या सहकार्याने १९६० च्या दशकात घडवलेले, आणि अर्धशतकाहून अधिक काळ बाजारात टिकलेले हे नामांकित मूव्हिंग कॉइल. जुने मूव्हिंग मॅग्नेट काढून त्याने ते बसवले आणि आठवड्याभरात तो परत गेला.

त्या दिवसापासून घरातले गाणे दूर गेले. आवाजाचे बटण शेवटापर्यंत फिरवावे तेव्हा कुठे सूर उमटत, आणि त्याबरोबर एक अखंड गुणगुण. अण्णांनी कोणाला दोष दिला नाही. तबकड्या झिजल्या, कानही झिजले, असे म्हणून त्यांनी नेम सोडला. वस्तूंचा मोह आवरावा हे त्यांच्या वयाला शोभणारेच होते, म्हणून घरच्यांनाही ते खटकले नाही. सगळा संग्रह एकरकमी नेणारा एक विक्रेताही पुण्याहून येऊन पाहून गेला. पुढच्या सोमवारी माल उचलायचे ठरले.

धाकट्या सूनबाई पेढीचे हिशेब पाहतात. माल जाण्यापूर्वी यादी करताना कार्ट्रिजच्या खोक्यातील कागद त्यांच्या हाती आला. त्यावर लिहिले होते: ०.३ मिलिव्होल्ट, ४० ओहम. अँप्लिफायरच्या पाठीवर, फोनोच्या खोबणीखाली, वेगळेच आकडे होते: २.५ मिलिव्होल्ट, ४७ किलोओहम. गाण्यातले त्यांना फारसे कळत नाही; पण मागणी २.५ ची आणि आवक ०.३ ची असेल तर खाते जुळणार नाही, हे कळायला गाणे कशाला लागते?

येथे थोडे थांबून हा व्यवहार समजून घेतला पाहिजे. अँप्लिफायरमधील फोनो विभाग दोन कामे करतो. पहिले वाढवण्याचे. मूव्हिंग मॅग्नेटसाठी ही वाढ साधारण ४० डेसिबल, म्हणजे शंभर पट असते. मूव्हिंग कॉइलला ६० डेसिबलच्या आसपास, म्हणजे हजार पट लागते. दुसरे काम समतोलाचे. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात, कारण खर्ज पूर्ण ताकदीने कापला तर खाचा रुंद होऊन तबकडीवर गाणे मावायचे नाही. वाजवताना फोनो विभाग हे उलटे करतो. १९५० च्या दशकात रूढ झालेल्या आरआयएए प्रमाणानुसार ५० हर्ट्झच्या आसपासचा नाद मधल्या सुरांच्या तुलनेत सुमारे सात पट उचलला जातो. आपल्या घरातील वीजही ५० हर्ट्झचीच. म्हणून आवक कमी पडली आणि बटण वाढवले, की सुरांआधी विजेची गुणगुण मोठी होते. अण्णांच्या घरची गुणगुण हीच होती. तबकड्यांचा त्यात काही संबंध नव्हता.

उलट चूकही तितकीच वाईट. ५ मिलिव्होल्टचे कार्ट्रिज हजार पटीच्या विभागाला जोडले तर सरासरी ५ व्होल्ट निघतील, आणि जोरकस तानेला त्याच्याही कितीतरी पट. तेवढे झेपत नाही, तान फाटते. खरे तर सर्वसाधारण घराला चांगले मूव्हिंग मॅग्नेट पुरते. सुई बदलता येते, खर्च आटोक्यात राहतो, जोडणीची कटकट नाही. पण वस्तू घरात आलेली होती, नातवाच्या प्रेमाने आलेली होती.

नातवाला फोन गेला. तो ओशाळला आणि लगेच उपाय सुचवला: मध्ये एक स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर बसवायचा. विजेशिवाय, केवळ तारांच्या वेढ्यांनी व्होल्टेज वाढवणारी ही लहानशी पेटी. त्याच्या मते १:३० ची घ्यावी. सूनबाईंनी कागद पुढे ओढला. ट्रान्सफॉर्मर जितक्या पटीने व्होल्टेज वाढवतो, त्याच्या वर्गाने पुढचा ४७,००० ओहमचा भार मागे कार्ट्रिजवर येताना घटतो. १:३० ला ४७,००० भागिले ९००, म्हणजे ५२ ओहम. वेटोळे स्वतःच ४० ओहमचे. दोन्ही जवळपास सारखे झाले की निम्म्याच्या आसपास माल वाटेतच जिरतो. तीस पट मागितले तरी हाती सतरा पटच येतात, आणि वेटोळ्यावर बोजा पडून नाद मंद होतो तो वेगळाच. १:१० ला भार ४७० ओहम. वेटोळ्याच्या दहा पटींहून अधिक, जसा असावा तसा. हाती येतात नऊ पटींहून थोडे जास्त, म्हणजे सुमारे २.७५ मिलिव्होल्ट.

“अण्णा, त्यांना अडीच पाहिजेत. आपल्याकडे पावणेतीन होतात,” त्या म्हणाल्या.

“मग सोमवारचा माणूस?”

“त्यांना थांबायला सांगितलंय.”

पेटी यायला तीन आठवडे लागले. जोडताना जमिनीची तार, जी नातवाने घाईत सैल ठेवली होती, तीही घट्ट आवळली गेली. पेटी अँप्लिफायरच्या वीजपुरवठ्यापासून हातभर दूर ठेवली, कारण ट्रान्सफॉर्मर जवळच्या विजेचा नाद ओढून घेतो. त्या संध्याकाळी हिराबाईंची तबकडी लागली. बटण मध्यावरही नव्हते. आधी नुसता तंबोरा. त्याच्या चारही तारा वेगवेगळ्या. मग सूर.

अण्णा डोळे मिटून बसले होते. दुसऱ्या बाजूला, विलंबितात, त्यांनी एकाएकी बोट वर केले. पुढच्याच फेऱ्यात सुई खटकली. “हा ओरखडा तुझ्या नवऱ्याचा,” ते म्हणाले, “चौथीत होता तेव्हाचा.”